फक्त कॉलर

भाची : नुसतं कापड नाही आणलं मावशी, शिलाईही देणार आहे. दुकानातले शर्ट घेणं बंदच केलंय मी. म्हटलं, तुझ्याकडूनच शिवून घ्यावा.

मावशी : ठेव ते पिशवीत परत.

भाची : अगं, अकरा वर्षं कारखान्यात शर्टच शिवलेस ना तू?

मावशी : शर्ट नाही, कॉलर. बाह्या लावणारी माझ्या डाव्या हाताला, काजं करणारी चार रांगा मागे. अख्खा शर्ट मी कधी शिवलेलाच नाही.

भाची : म्हणजे तुला येत नाही?

मावशी : शेजारणीच्या नवऱ्याचा घेतला होता शिवायला. कॉलर अशी बसली, की बघत राहावं. बाह्या मात्र एक पुढे, एक मागे. बिचारीने पैसे दिले. पण तो शर्ट काही त्याच्या अंगावर दिसला नाही.

भाची : तुझं काम गेलंय. मी काय करू, तूच सांग.

मावशी : तू करायचं ते करून बसलीस.

भाची : तूच सांगितलं होतंस ना! मागच्या दाराला कुलूप असतं, आग लागली तर आम्ही पळायचं कुठून, म्हणून रडली होतीस.

मावशी : तुझ्यापाशी रडले होते. जगापाशी नाही.

भाची : तुझं नाव कुठे घेतलं मी? एवढंच लिहिलं, की कुलूप निघेपर्यंत या कंपनीचे शर्ट घेऊ नका. हजारो लोकांनी ऐकलं. आपण घ्यायचं थांबवलं की त्यांना सुधारावंच लागतं, असं वाटलं मला.

मावशी : तुझं बरं आहे. न घेऊन भागतं तुझं.

भाची : कुलूप तरी काढतील, असं वाटलं गं.

मावशी : काढलं की. शेवटच्या दिवशी. मशिनं बाहेर न्यायला पुढचं दार पुरेना, म्हणून मागचं उघडलं.

भाची : कंपनीने काम दुसरीकडे नेलं, यात माझा काय...

मावशी : बोल, बोल. दोष काय, असंच ना?

भाची : नाही म्हणवत.

मावशी : बायका विचारतात, कुठल्या मेलीने लिहिलं असेल? मी त्यांच्यात बसून तुला शिव्या घालते. दोन जास्तच घालते, नाहीतर संशय यायचा.

भाची : सांगून टाक त्यांना. मी येते, पाया पडते सगळ्यांच्या.

मावशी : आणि मग मला कोण जवळ बसवेल? एकशेचाळीस जणी आहेत. काम शोधायला त्यांच्याचबरोबर फिरते मी.

भाची : मिळतंय कुठे?

मावशी : पुलापलीकडे एक जण सोमवारपासून या म्हणालाय. कॉलरच आहे. पगार निम्मा.

भाची : आणि दार?

मावशी : तळघर आहे. दार एकच.

भाची : नको जाऊस मावशी. तुला माझी शपथ.

मावशी : बरं, नाही जात. मग पुढे?

(भाची कापडाची घडी उलगडते, पुन्हा घालते.)

मावशी : बघ. तुलाही नाही सुचत.

भाची : कुठल्या कंपनीचे शर्ट होतात तिथे?

मावशी : आता तुला काही सांगणार नाही गं मी.