आबांनी ऐकलेला गिअरबॉक्स

अभ्यास कधी मोठ्याने करू नये, एवढं मी सांगतो. मेहरूणला माझं गॅरेज. धुळ्याला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची परीक्षा होती, म्हणून सकाळपासून घरी पाठ करत बसलो होतो. शेजारच्या खोलीत आबा, माझे वडील. त्यांना नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेला.

मी घोकत होतो, "पंप कमजोर झाला की प्रेशर पडतं. मग दुरुस्तीत अर्थ नाही."

आबा भिंत धरत दारात आले. "संजू, डॉक्टर काय बोलना? खरं सांग."

"आबा, हे गाडीच्या गिअरबॉक्सचं आहे!"

ते खाली बसले. म्हणाले, "मी तं फोन करीसन अक्काले बलाई लिधं."

अशी बोलावून घेतलेली त्यांची बहीण अक्का संध्याकाळी सावद्याहून रडतच आली. आबा तिला म्हणाले, "संजूनी परीक्षा शे. आशीर्वाद दे."