बर्फात पुरलेल्या अठ्ठावीस गुंडाळ्या

मंगळवारी दुपारी पाचूबंदरला बर्फाची रांग लागली होती. शाळेतून परस्पर आलेल्या ग्रेसीच्या पुढे रोझीकाकी आणि तिची शेजारीण रंभा उभ्या होत्या. आपल्या मागे कोण ऐकतंय, याची दोघींना फिकीर नव्हती.

“रोझे, दोन लाद्या कशाला? मासळी तर सगळी गेली.”

“मासळीला नाय गो. काल घरच्या म्हाताऱ्या कोंबड्या कापल्या, सुकं केलं, तांदळाच्या भाकरीत गुंडाळलं. अठ्ठावीस गुंडाळ्या पेटीत बर्फाखाली पुरल्यात. रोज चार काढायच्या, तव्यावर फिरवायच्या. आठवडाभर सैपाक नको.”

“आठवडाभर? उद्या राखेचा बुधवार ना तुमचा? मग इस्टरपर्यंत चाळीस दिस उपासाचे, तुम्ही कोंबडीला शिवता तरी का?”

“रंभे, मी मेले.”

“सासू काय म्हनली?”

“काय नाय. कालपासून गालातल्या गालात हसतेय. मला वाटलं, सून हुशार निघाली म्हनून हसतेय.”

“आता ती इस्टरपर्यंत हसल.”

“इस्टरपर्यंत टिकल का गो बर्फ?”

“वसईत? परवापर्यंत टिकला तरी खूप.”

“मग तूच ने सगळ्या. पन सासूला काय सांगू? ती पेटी उघडून बघनार.”

“सांग, बर्फाबरोबर विरघळल्या.”

“अठ्ठावीसच्या अठ्ठावीस?”

“रोझीकाकी,” ग्रेसीने शाळेचा रिकामा डबा उघडून पुढे केला, “आज अजून मंगळवारच आहे. चार यात विरघळतील.”