पाच शेरांचा चुरमा

डॉक्टर : पुन्हा विचारतो. काल गाईला काय काय घातलं?

बसलिंगप्पा : सांगितलं की साहेब. कडबा. त्योबी पेंढीभर. ह्या दुष्काळात दुसरं हाय काय?

डॉक्टर : नुसत्या कडब्यानं गाय अशी बसत नाही. दात खातेय, डावी कूस फुगलीय, शेण पातळ आणि आंबूस. हिनं धान्य खाल्लंय.

बसलिंगप्पा : धान्य माझ्या दुकानात कुलपात हाय.

महादेवी : चुरमा खाल्लाय तिनं.

बसलिंगप्पा : कवा?

महादेवी : काल. सोळा सोमवारांचं उद्यापन होतं ना. कणीक, गूळ, तूप. एक वाटा महादेवाचा, एक गाईचा, एक आपला.

डॉक्टर : वाटा केवढा?

महादेवी : सगळा मिळून पाच शेर कणकेचा होता. टँकर आला नाही, म्हणून पंगत रद्द केली. पंगतीला पाणी कुठलं द्यायचं? देवापुढचा वाटा तेवढा राहू दिला, बाकी सगळं ह्या गवरी गाईपुढं ठेवलं. किती दिवस कडबाच चघळतेय बिचारी. पाटी चाटून पुसून खाल्लं तिनं. मला वाटलं, देवच जेवला.

डॉक्टर : बसलिंगप्पा, दुकानातून खाण्याचा सोडा आणा. भरपूर आणा.

बसलिंगप्पा : आनतो. लातूर जिल्हा झाला म्हणून तुमी तरी हितं हाव. पयलं उस्मानाबादहून कोन आलं असतं गाईसाठी?

महादेवी : डॉक्टर, असं कसं झालं? काडी पचते आणि कणीक पचत नाही?

डॉक्टर : अक्का, तुमच्या हातात जपाची माळ आहे ना, तसं समजा. झाड हवा, पाणी आणि ऊन घेऊन साखरेचा एक मणी करतं. ते मणी सरळ ओवले की दाण्यातलं पीठ होतं. ती झाडाची साठवण. तेच मणी एक सुलटा, एक उलटा असे जोडले की कडब्याची काडी होते. त्यावर ज्वारीचं ताट उभं राहतं. मणी तोच, गाठ निराळी. गूळ तर नुसती मण्यांची जोडी, लगेच सुटणारी.

महादेवी : मग ती उलटी गाठ आपल्याला सुटत नाही?

डॉक्टर : आपल्याला नाही आणि गाईलाही नाही. तिच्या पोटात बारीक जिवाणू राहतात, ते सोडवतात. सावकाश. त्यांच्या जिवावर ती जगते. काल एकदम पीठ-गूळ पडला, तो आंबवणारे दुसरेच माजले. पोट आंबट झालं, काडी सोडवणारे मेले. अंगातलं पाणीसुद्धा पोटात ओढलं गेलं.

महादेवी : म्हणजे मीच मारलं तिला.

डॉक्टर : मेली नाही अजून. सोड्यानं आंबटपणा मोडेल. पण ते जिवाणू पुन्हा हवेत. निरोगी गाईच्या तोंडातला रवंथाचा घास काढून हिला भरवावा लागेल.

बसलिंगप्पा : हा घ्या सोडा. निरोगी गाय कुठं मिळंल? गल्लीतली जनावरं समदी चारा छावणीला गेली.

महादेवी : कोंडाबाईची आहे.

बसलिंगप्पा : बौद्धवाड्यातली? तिच्या गाईचं उष्टं तू गवरीला चारणार? तिची घागर आपल्या घागरीला लागली तर परत घासतीस तू.

महादेवी : तुम्ही डॉक्टरांना सोडा पाजायला मदत करा. मी तिला बोलवून आणते.

(सोडा पाजून झाला आहे. कोंडाबाई आपली गाय घेऊन आली आहे.)

कोंडाबाई : माजी गाय उसाचं पाचट खाऊन राहिली साहेब, पर रवंथ सोडत न्हाई. धरा जबडा. हां, घ्या बिगीनं, गिळंल न्हाईतर.

डॉक्टर : आला. अक्का, गवरीचं तोंड वर धरा. जिभेच्या मागं जाऊ द्या.

कोंडाबाई : काय खाल्लं म्हनं हिनं?

महादेवी : चुरमा. पंगत झाली नाही, त्याचा.

कोंडाबाई : उरला व्हता व्हय.

महादेवी : हो.

कोंडाबाई : आमची पोरं तलावाच्या कामावर वाळली भाकर चावून राहिली. लई लांब न्हाई आमी, अक्का. एक हाक मारायची व्हती.

महादेवी : सुचलंच नाही, कोंडाबाई. वाटे करताना तीनच डोक्यात होते.

बसलिंगप्पा : साहेब, कान हलवला तिनं.

डॉक्टर : एक काडी धरा पुढं. घेतली? असू द्या, तोंडात नुसती धरली तरी चालेल. संध्याकाळी उठली तर वाचली म्हणायची. काडीशिवाय काही देऊ नका. गहू आपल्या पोटासाठी, अक्का. त्याची गाठ आपल्याला सुटते, अंगात ताकद त्याचीच.

महादेवी : कोंडाबाई, थांब जराशी. देवापुढचा वाटा तसाच आहे. तुमच्यात प्रसाद चालत नाही, ठाऊक आहे मला. पण पोरांसाठी...

कोंडाबाई : परसाद म्हणून न्हाई नेनार. गहू म्हणून नेते. द्या बांधून, पोरांना पचतोय.