आतली कडी

(साऊथ डकोटात, गावाबाहेरच्या माळावर ट्रेलर विकणाऱ्याचं आवार. सकाळचे दहा. वारा. फाटकाशी डार्सीची पिकअप, शेजारी तिच्यातून उतरवलेली बाइक.)

डार्सी: खिडकी नको. खिडकी नसलेला कुठलाही दाखवा.

लायल: बाइकच्या ट्रेलरला खिडकी नसतेच, पोरी. पण मला एक सांग, एका बाइकसाठी बंदिस्त कशाला? उघडा घे. वजनाला निम्मा, ओढायला सोपा. वरून ताडपत्री टाकली की झालं.

डार्सी: उघड्यावर नेली तर रस्ताभर लोक बघतील.

लायल: बघू देत की. चोरीची आहे का?

डार्सी: ड्वेनची आहे. बाइक ट्रेलरवर चढवून नेणाऱ्यांना तो काय काय म्हणायचा, तुम्ही ऐकलं असेल.

लायल: ऐकलं असेल? इथे उभा राहून माझ्या तोंडावर म्हणालाय, "लायल, तू बाइकच्या शवपेट्या विकतोस." ऑगस्टच्या बाइकवाल्यांच्या मेळ्याला लोक ट्रेलरमधून बाइक आणतात, गावाच्या वेशीवर उतरवतात आणि हजार मैल चालवल्यासारखी वर धूळ फासतात, म्हणायचा.

आर्डिस: लायल, मला इथे ऑफिसच्या खिडकीत सगळं ऐकू येतंय. तिचा नवरा जानेवारीत गेलाय आणि तू शवपेट्या काय काढतोस?

डार्सी: असू दे, आर्डिस. तो म्हणायचाच तसं. मेबल रडत नाही ना?

आर्डिस: माझ्या कडेवर बसून चष्म्याची साखळी चघळतेय. तू तुझं काम कर, बाळा. आणि जाताना रूबार्बच्या आंबटगोड वड्या घेऊन जायच्यात, डबा भरून ठेवलाय.

लायल: बरं. न्यायची कुठे?

डार्सी: विस्कॉन्सिनला, भावाच्या शेतावर. घर विकलं. सोमवारी किल्ल्या द्यायच्या. बाइक आत घालायची, बाहेरून कुलूप लावायचं आणि ट्रेलर कोठाराच्या मागे उभा करायचा. मेबल मोठी झाली की किल्ली तिच्या हातात.

लायल: म्हणजे अठरा वर्षं बंद?

डार्सी: मला ती रोज दिसायला नको, लायल. गॅरेजमध्ये जाते आणि तिच्या शेजारी बसून राहते मी. परवा तासभर बसले. पोर पाळण्यात रडून रडून निळी पडली होती, आणि मला ऐकूच आलं नव्हतं. असं नाही चालायचं.

लायल: नाही चालायचं. हा राखाडी बघ मग. मागे रॅम्पचं दार, बाकी चारी बाजूंनी पत्रा. फक्त एक झरोका पाडून घे. पेट्रोलचा वास कोंडतो.

डार्सी: झरोका कशाला? आत श्वास घेणारं कोण आहे?

लायल: तेही खरंच. चल, चढवू. चालू कर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर वर जाईल. मी बाजूने धरतो. सावकाश. आण, आण... बसलं पुढचं चाक चापात. बंद कर.

आर्डिस: अगं डार्सी, इंजिन चालू झालं आणि ही झोपली बघ. मान टाकली खांद्यावर.

डार्सी: ती पोटात असताना ड्वेन रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये इंजिन चालू करायचा. मला तिथे स्टुलावर बसवायचा. म्हणायचा, तिला आवाज ओळखू दे.

आर्डिस: त्याने तिला पाहिलंच नाही ना?

डार्सी: जानेवारीत बर्फात तुटलेली तार जोडायला विजेच्या खांबावर चढला, तो तिथेच गेला. ही झाली एप्रिलमध्ये.

लायल: हे बघ, बाइक बांधायला चार पट्टे. आधी पुढचे दोन. ओढले की बाइक इंचभर खाली बसते, मग ती उसळत नाही. आता मागचे... मागची स्प्रिंग गेली वाटतं हिची.

डार्सी: नाही. गेल्या उन्हाळ्यात नवी टाकली त्याने.

लायल: मग पट्टा लावायच्या आधीच खाली कशी बसलीय? बघ ना. सीटवर माणूस असल्यासारखी.

डार्सी: मला कळत नाही त्यातलं.

लायल: जाऊ दे. वजन करू. मी वजन केल्याशिवाय एकही ट्रेलर फाटकाबाहेर सोडत नाही. वजनाचा अंदाज चुकला की हमरस्त्यावर शेपटीसारखा हलतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही घेऊन पडतो. आर्डिस, ट्रॅक्टरने काट्यावर आणतोय. रिकामा एक हजार पन्नास, बाइक सातशे ऐंशी. अठराशे तीस यायला हवेत.

आर्डिस: दोन हजार पंधरा.

लायल: चष्मा लाव.

आर्डिस: लावलाय. साखळी ओली आहे, काचा नाहीत. दोन हजार पंधरा पौंड. तू रॅम्पवर उभा आहेस का?

लायल: मी तुझ्यासमोर उभा आहे, बाई. डार्सी, बाइकच्या पिशव्यांत काही आहे का? हत्यारं वगैरे?

डार्सी: रिकाम्या आहेत. मीच केल्या रिकाम्या.

लायल: मग या राखाड्याचा आकडा कारखान्याने चुकीचा लिहिला असेल. बाइक उतरवू, पुन्हा बघू... हं. आता?

आर्डिस: एक हजार पन्नास. अचूक.

लायल: असं कसं? तो पांढरा घेऊ. याला बाजूने माणसाचं दार आहे, म्हणून शंभरने जड. या वेळी इंजिन नको, ढकलतच नेऊ, पोर झोपलीय... अरे देवा, केवढी जड झालीय ही. तू ढकलतेस ना?

डार्सी: पूर्ण जोर लावून.

लायल: बसली. चल खाली, काट्यावर नेतो. आता एकोणीसशे तीस आले तर मी तुम्हा दोघींना कॉफी पाजतो.

आर्डिस: कॉफी राहिली. दोन हजार एकशे पंधरा.

लायल: म्हणजे यातही...

डार्सी: एकशे पंच्याऐंशी जास्त.

लायल: तेवढेच. पहिल्यात जेवढे होते तेवढेच. काटा बिघडला म्हणावं, तर रिकामा बरोबर दाखवतो. तुझा चेहरा का उतरला?

डार्सी: दवाखान्यात त्याचं वजन एकशे ऐंशी भरायचं.

लायल: मग पाच पौंड कसले?

डार्सी: बूट. तिथे काढायला लावायचे.

आर्डिस: लायल, तू लांब हो त्या ट्रेलरपासून. लगेच ये.

लायल: आलो. डार्सी, तूही ये.

डार्सी: थांबा. ही कडी कसली? दाराच्या आतल्या बाजूला?

लायल: ती होय. चुकून कोणी आत असताना दार लागलं, तर त्याला उघडून बाहेर येता यावं म्हणून. राखाड्याला नाही ती.

डार्सी: हाच द्या मला.

लायल: तुला तर बाहेरून कुलूप हवं होतं.

डार्सी: मागच्या दाराला लावा. बाजूच्याला नको. आणि मला दोन मिनिटं एकटीला राहू द्या. तुम्ही ऐकू नका, किंवा ऐका, मला आता काही वाटत नाही. ड्वेन, चिडू नकोस. ट्रेलरमधून नेते आहे, पण बंदिस्त आहे, कोणी बघणार नाही. तिचं नाव मेबल ठेवलं, तुझ्या आजीचं. कान तुझे आहेत, दुर्दैवाने. आता मी तिला आर्डिसकडून घेते आणि पिकअपमध्ये मागच्या सीटवर बसवते. सहाशे मैल जायचंय. मी गॅरेजमध्ये बसायला आता येणार नाही, समजलं? मला तिचं रडणं ऐकू यायला हवं. दार लावते. आतून उघडतं हे. चला लायल, तुम्ही कागद करा.

आर्डिस: आण, मीच बसवते तिला. जागी झालीय, पण शांत आहे. आणि हा डबा पुढे ठेव.

लायल: कागद झाले. आता जोडूया पिकअपला... डार्सी, बाजूचं दार तू लावलं होतंस ना?

डार्सी: कडी पडलेली ऐकली मी.

लायल: मीही ऐकली. आता उघडं आहे. वारा बाहेरून ओढतो, आतली कडी वाऱ्याने उठत नाही. आर्डिस, काट्यावर आहे अजून. वाच.

आर्डिस: एकोणीसशे तीस.

लायल: चष्मा...

आर्डिस: लावूनच वाचतेय, लायल. एकोणीसशे तीस.

लायल: बाइकही वर आलीय मागून. स्प्रिंग चांगली आहे हिची. नवी आहे.

डार्सी: ट्रेलरमधून तो गेलाच नसता.

लायल: पिकअप मात्र मागून बसल्यासारखी दिसतेय. नियमाने तीही काट्यावर घ्यायला हवी.

आर्डिस: नको घेऊस.

लायल: नियम माझाच आहे, म्हणून म्हटलं. बरं. पन्नास मैलांवर थांबून पट्टे तपास, पोरी. वळणं सावकाश घे.

डार्सी: घेते. एक मिनिट थांबा, मेबलच्या शेजारच्या सीटचा पट्टा तेवढा लावते. तो स्वतःहून कधी लावायचा नाही.