पायाखालचं घर

बायको : नाही, सगळीच काढा. पुढच्या खोलीपासून बाथरूमच्या दारापर्यंत एक तुकडा ठेवू नका. मला ती फरशी डोळ्यांसमोर नको.

दुकानदार : ताई, आधी बसा तरी. दादा, तुम्हीही बसा, खुर्ची तुमच्या डाव्या हाताला आहे. आता सांगा, कधी बसवली ही फरशी?

बायको : तीन महिने होतील.

दुकानदार : एवढ्यात? तडे गेले? की पोकळ वाजते?

नवरा : छे हो, फरशी झकास आहे. आल्यागेल्या प्रत्येकाने वाखाणलीय. फक्त मी हरवतो तिच्यावर.

दुकानदार : हरवता म्हणजे?

नवरा : मला दिसत नाही हे तुम्ही ओळखलंच. खुर्चीची बाजू सांगितलीत. तर बरीच वर्षं झाली त्याला. पण घरात मी कधी काठी धरली नाही. पुढच्या खोलीत गुळगुळीत लाद्या होत्या, मधल्या खोलीत सिमेंटचा कोबा, स्वयंपाकघरात खरखरीत दगड. पाय टेकला की कळायचं, कुठं आलो ते.

बायको : सकाळचा चहा हेच करायचे. मी उठायच्या आत. नव्या पाहुण्याला तासभर पत्ता लागायचा नाही, यांना दिसत नाही म्हणून.

नवरा : एकदाच लागला. मी त्यांच्या मांडीवर बसलो तेव्हा.

बायको : ऐकलंत? सगळ्याची थट्टा. आणि आता घरभर एकच फरशी. इथून तिथून सारखी. उठले की भिंत धरून उभे. परवा मी बाजारातून आले तर हे कपाट उघडून त्याच्यात तोंड करून उभे होते. बाथरूमला निघाले होते हो. किती वेळ उभे होते कोण जाणे. विचारलं तर म्हणतात, कपडे निवडतोय.

नवरा : निवडत होतो की.

दुकानदार : फरशी घेतलीत कुठून?

बायको : चौकातलं ते काचेचं मोठं दुकान. आम्ही दोघं गेलो होतो, स्वयंपाकघरातले दोन दगड फुटले म्हणून. तो विक्रेता म्हणाला, दोन दगडांसाठी कोणी गवंडी येत नाही. अख्खं घर करा, बसवणी फुकट. पण आज संध्याकाळपर्यंतच.

दुकानदार : त्यांची ती संध्याकाळ मी इतकी वर्षं बघतोय, अजून मावळलेली नाही.

बायको : कालही पाटी तशीच होती. मी मुद्दाम जाऊन बघितलं. आणि फुकट कसलं? जुनी उखडायचे वेगळे, भरावाचे वेगळे, जिना चढवायचे वेगळे. पण ते गेलं खड्ड्यात. मी त्याला सांगितलं होतं हो, की घरी असं असं आहे. हे तर माझ्या शेजारीच बसले होते.

दुकानदार : मग काय म्हणाला तो?

नवरा : अगं, सोड ना आता.

बायको : म्हणाला, साहेबांना काय, दिसतच नाही. त्यांना कुठलीही चालेल. घर बघायचंय ते तुम्हाला. आणि भाऊ, मला ते ऐकून बरं वाटलं. लग्न करून आले तेव्हापासून तो काळपट दगड घासत होते. वाटलं, खरंच की, बघायचंय मलाच. एकदा तरी आपलं घर छान दिसू दे.

नवरा : मग त्यात चुकलं काय? घरात बघणारी तूच एकटी.

बायको : तुम्ही एकदा चिडा तरी माझ्यावर! तीन महिने वाट बघतेय मी.

नवरा : चिडून जाऊ कुठं? आधी दार सापडायला हवं.

दुकानदार : ताई, डोळे पुसा. माझं ऐका. सगळं उखडलंत तर माझा चांगला धंदा होईल, पण गरज नाही त्याची. प्रत्येक दाराशी हातभर रुंदीची पट्टी बसवू. एका दाराला खरखरीत, दुसऱ्याला रेघारेघांची, अशी वेगवेगळी. ओट्यापुढे तेवढा दगडाचा चौकोन. हळूहळू पाय शिकतात. आणि तेही आज घेऊ नका. नमुने घरी न्या, दारात टाका, वर पाणी ओता, यांना चालू द्या. पटलं तर या.

बायको : पट्ट्या नकोत मला, भाऊ. मला यांचं घर परत द्यायचंय. होता तसाच दगड आहे का तुमच्याकडे?

दुकानदार : त्या जातीचा मिळेल. तुमचा तो कुठून आणू? मागे अंगणात नमुने मांडलेत, चला. दादा, चपला इथेच काढा, माझा हात धरा.

नवरा : हा नाही. हाही नाही, हा तर साबण लावल्यासारखा. हा... थांबा. अगं, इकडे ये! हा बघ! आपल्या स्वयंपाकघरातला!

बायको : खरं सांगताय?

नवरा : तुझी शपथ. अगदी तोच. डोळे मिटून सांगतो.

बायको : चला, काहीतरी काय!

नवरा : माझ्या चपला दुकानात राहिल्या बघ. आणतेस? खाली ऊन तापलंय.

(ती चपला आणायला आत जाते.)

दुकानदार : दादा, हा तसा नाही. मशीनने खरखरीत केलेला कोरा दगड आहे हा. तुमचा पायांनी झिजलेला होता.

नवरा : माझ्या तळव्यांना कळत नाही होय? पण ती धड जेवत नाही हो. रात्री उठून फरशी चाचपत बसते, मला झोप लागलीय असं समजून. तुम्ही फक्त हो म्हणा.

दुकानदार : खोटं सांगून मी माल विकत नाही.

नवरा : विकताय मला, आणि मला खरं सांगितलंत. झालं की. तिला कशाला?

दुकानदार : नका हो असं अडचणीत टाकू मला.

बायको : ह्या घ्या चपला. पाय पुढे करा. भाऊ, तुम्हीच सांगा आता. तोच आहे ना?

दुकानदार : ताई...

नवरा : सांगून टाका, शेठ. तोच म्हणून.

दुकानदार : नाही ताई. तो नाही. तो आता कुठेच मिळणार नाही. कोणी देतो म्हणाला तर त्याच्याकडून घेऊ नका.

नवरा : झालं समाधान? एवढं काय बिघडलं असतं तुमचं?

बायको : त्यांना बोलू नका. मला माहीत होतं. दारातून बघत होते मी तुमचे पाय. घरात टाकता ना आता, तसेच घाबरत घाबरत टाकत होतात.

नवरा : अगं, सवय होईल मला.

बायको : होईल. भाऊ, तुमच्या त्या पट्ट्या दाखवा. आणि ओट्यापुढे हाच दगड द्या. हे इतकं मनापासून खोटं बोललेत माझ्यासाठी, हाच द्या.