टेबलावर पसरलेला स्वेटर

...अरे पण ओला आहे तो, ओला! ओला कॅश्मिअर उचलायचा नसतो, किती वेळा सांगू? तुम्हाला सांगते, सकाळपासून घसा फोडतेय, पण आमचे चिरंजीव कमरेवर हात ठेवून एकच पालुपद लावून उभे... "आई, एक वाजता साहेब जेवायला येतायत, आणि जेवायच्या टेबलावर तुझा स्वेटर! दोरीवर टाक की!" दोरीवर? मागच्या हिवाळ्यात माझा करडा स्वेटर ह्यानेच निथळता दोरीवर टाकला होता, संध्याकाळी बघते तर बाह्या गुडघ्यापर्यंत! घालून उभी राहिले, तर नात विचारते, "आजी, तुझे हात कुठे गेले?"

आणि हा तर माझाही नव्हे, अक्काचा, माझ्या थोरल्या बहिणीचा. ती गेली तेव्हा लेकींनी बांगड्या घेतल्या, कपाट घेतलं. मी म्हटलं, मला तेवढा स्वेटर द्या. बावीस वर्षं वापरलेला, कोपराला रफू, आणि अजून हात फिरवला की मांजराच्या पिल्लाचं पोट! कॅश्मिअर म्हणजे काय चीज आहे म्हणून सांगू! बकरीच्या वरच्या राठ केसांखाली थंडीत मऊ लव येते, थंडी सरली की ती सुटायला लागते, मग फणीने विंचरून काढायची... एका बकरीची वर्षाची कमाई मूठभर! चार-पाच बकऱ्यांनी अख्खा हिवाळा काढावा तेव्हा कुठे एक स्वेटर, अंगात आहे की नाही कळू नये इतका हलका, आणि ऊब अशी की थंडीने दारातूनच परत फिरावं. तो मी दोरीवर टाकू?

"मग लॉन्ड्रीत द्यायचा होतास!" दिला असता हो! लॉन्ड्रीवाला म्हणाला, "मावशी, कडक इस्त्री मारू ना?" तशीच माघारी फिरले.

मला कुणी शिकवलं नाही. पहिला स्वेटर मशीनमध्ये घातला, बाहुलीच्या मापाचा बाहेर आला, त्यातून शिकले. कोमट पाणी, चमचाभर शाम्पू, पिळायचा म्हणून नाही, टॉवेलात गुंडाळून नुसता दाबायचा, मग सपाट जागी हाताने आकार देऊन पसरायचा. आता ह्या घरात सपाट काय आहे? पलंगाला मध्ये खड्डा, फरशीवर नात धावते, उरलं टेबल! वर लोकरीची बोंडं आली तर हलक्या हाताने फणी, कपाटात ठेवायचा तो घडी घालून, आणि धुऊनच, नाहीतर कसर लागलीच म्हणून समजा... हे मी घसा ताणून सांगतेय, आणि चिरंजीवांनी स्वेटरच्या दोन्ही खांद्यांना हात घातला की! "दोन मिनिटांत पलंगावर ठेवतो, काय होतंय?" काय होतंय? पाण्याच्या वजनाने अक्काचे खांदे ओघळतील, माझ्या डोळ्यांदेखत! ओला कॅश्मिअर उचलायचा नसतो!

तेवढ्यात बेल वाजली. साहेब, साडेबारालाच! सूनबाई ताटं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात, "मी मांडू कुठे?", आणि लेकाचं तोंड असं झालं, की बघवेना हो... शेवटी आई ना मी? म्हटलं,

"बरं बाबा, जिंकलास तू. उचल. पण टेबलासकट उचल."