पिवळ्या फितीची किल्ली

— नाही हो बाई, आत्ता घंटी वाजवून उपयोग नाही, आधीच्या पेशंटची वेळ भरल्याशिवाय डॉक्टर दार उघडत नाहीत, मागे पाचव्या मजल्यावर आग लागली तेव्हासुद्धा नाही उघडलं — बसा इथे बाकावर, हा माते घ्या, आपला कडू पाल्याचा चहा, बिनसाखरेचा आहे. आठ वर्षं तुम्ही दर मंगळवारी येताय, आठ वर्षं मी ही फरशी पुसतेय, आणि आपण बोललो किती? ‘दार लोटून घ्या’, बस्स. या ब्युनोस आयर्समध्ये लोक बोलायला वर मनाच्या डॉक्टरांकडे जातात, खाली कशाला बोलतील!

हे पुस्तक ना? डॉक्टरांचंच. सही करून दिलंय, ‘दोन्या रामोना यांना’, मानानं ‘दोन्या’ म्हणतात मला — फेब्रुवारीत ते समुद्रावर जातात तेव्हा झाडांना पाणी मी घालते, म्हणून. मी वाचेन असं त्यांना वाटलं नसणार. वाचलं. त्यात एक ‘ल’ बाई आहे — पेशंटचं खरं नाव छापत नाहीत. सत्त्याहत्तर साली, लष्कराचं राज्य होतं तेव्हा, भरदुपारी तिच्या आईला घरातून उचलून नेलं. ही सहा वर्षांची. आई परत आली नाही. आणि हिला सारखा एक हात दिसतो — खिळ्यावरून किल्ली काढणारा, पिवळी फीत बांधलेली किल्ली. चेहरा नाही, आवाज नाही, नुसता हात.

डॉक्टर म्हणतात — बावीस पानं म्हणतात — किल्ली नव्हतीच. असली माणसं दार फोडतात, किल्ली कशाला मागतील? मग हात कुणाचा? तिचाच. मुलीला बाप एकटीला हवा असतो, आई जावी असं मनात कुठेतरी असतं, आणि आई खरंच गेली — म्हणून मनानं हात रचला, नि फीत आईच्या केसांतली घेतली. फार हुशारीनं लिहिलंय. निम्मं मला कळलं नाही, उरलेलं दोनदा वाचलं. आणि ती बिचारी वर कोचावर आडवी पडून म्हणते, हो डॉक्टर, माझाच असेल.

पण किल्ली होती हो! इथेच आल्माग्रो भागात एक इमारत होती, माझ्या ओळखीची एक बाई तिथे राखणदारीण — तिच्याकडे सगळ्या घरांच्या जादा किल्ल्या, मजल्यागणिक वेगळी फीत. दुसऱ्याची हिरवी, तिसऱ्याची पिवळी. चार माणसं आली, म्हणाली, तिसरा मजला, फोडू की उघडतेस? आता ते दार ओकचं, नुकतं पॉलिश केलेलं, आणि आदल्याच महिन्यात मी — तिनं — एका फुटक्या काचेपायी मालकाची बोलणी खाल्लेली. तर मी म्हटलं, थांबा, किल्ली देते.

हो, मीच. निघालंच तोंडातून, तर राहू दे.

दाराला ओरखडासुद्धा आला नाही. मुलगी माझ्याच खोलीत होती, दुपारी आई जरा आडवी झाली की खाली यायची — स्टुलावर बसून वाटाणे सोलत होती. तिनं पाहिलं. मला वाटलं, लहान आहे, विसरेल. मग आजी येऊन तिला घेऊन गेली, मीही नोकरी बदलली. आता तिला एवढंच सांगायचंय, की हात तुझा नव्हता बाळा. डॉक्टरांना सांगायला गेले होते मी. त्यांनी सगळं ऐकलं, फार छान ऐकतात, आणि म्हणाले, ‘दोन्या रामोना, तुम्हाला असं का वाटतं याचा विचार करायला हवा.’ गुरुवारची वेळसुद्धा दिली.

मग ठरवलं, वर जाणाऱ्या पस्तिशीच्या बायकांना आपणच एकेक करून विचारावं. त्या चष्मेवाल्या म्हणाल्या, आई रोसारिओला मजेत आहे. तुमची —?

बाई?

अहो, हात कशाला धरताय — धुण्याच्या पाण्यानं सांधे सुजलेत माझे, तेव्हा हात असा नव्हता — ओढू नका, दुखतो. पलटून काय बघायचंय? बरं. बघा. हाच.

वरचं दार वाजलं, डॉक्टर मोकळे झाले. जा. ... नाही जायचं? मग बसा. मी बोलत नाही आता.